क्रूझवरून कोणती माया नगरी पाहायची?

टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनहून सुटणाऱ्या जहाजांची एक मोठी सोय म्हणजे विमानाचं तिकीट न काढता माया लोकांच्या, म्हणजे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत प्राचीन नगरं उभारणाऱ्या लोकांच्या, मुलखात जाता येतं. आम्ही ह्यूस्टनला राहतो, बंदर गाडीने तासाभरावर. डिसेंबरात सासू-सासरे साताऱ्याहून आलेले होते, लेकीच्या शाळेला सुट्टी होती, आणि आम्ही घेतलेल्या क्रूझला तीन थांबे होते: मेक्सिकोतलं कोस्टा माया, शेजारच्या बेलीझ देशातलं बेलीझ सिटी आणि मेक्सिकोचंच कोझुमेल. तिन्ही ठिकाणांहून माया अवशेष बघायला जाता येतं. पण जहाज एका बंदरात थांबतं जेमतेम आठ-नऊ तास, आणि सहलींची यादी उघडली तर नुसत्या अवशेषांच्याच सहली पानभर. प्रत्येकीखाली चार ओळींचं कौतुक आणि 'मध्यम श्रम' असा शेरा. मध्यम म्हणजे किती पायऱ्या, किती ऊन, बसमध्ये किती वेळ, यातलं काहीही त्यात लिहिलेलं नसतं. सत्तरी ओलांडलेली माणसं बरोबर असली की नेमकं हेच आधी कळायला हवं असतं. म्हणून आम्ही ही निवड कशी केली, ते सविस्तर लिहिते आहे.

घरात सगळ्यात आधी नाव निघालं ते अर्थात मेक्सिकोतल्या चिचेन इत्साचं. 2007 मध्ये जगातल्या नव्या सात आश्चर्यांच्या यादीत ते आलं, तेव्हापासून भारतातून येणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असतं. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, त्याबद्दल पुष्कळ वाचलं होतं. कुकुल्कान या नागदेवाच्या पिरॅमिडला चारही बाजूंनी 91 पायऱ्या, त्यांची बेरीज 364, आणि माथ्यावरच्या देवळाची एक धरून 365. वसंत आणि शरद संपाताच्या सुमारास दुपारी उतरत्या उन्हाची सावली पायऱ्यांच्या कठड्यावर अशी पडते की नाग सरपटत खाली येतोय असं वाटतं. तिथलं चेंडूचं मैदान 168 मीटर लांब आणि 70 मीटर रुंद आहे, मध्य अमेरिकेत सापडलेल्या अशा मैदानांत सर्वांत मोठं. हे सगळं त्यांनी जेवताना आम्हाला सांगितलं. "एवढ्या लांब आलोय तर ते बघून जाऊ," हे त्यांचं म्हणणं रास्तच होतं.

मग मी कागद घेतला. कोझुमेल हे बेट आहे. जहाजातून उतरायचं, फेरीच्या धक्क्यावर जायचं, 45 मिनिटांच्या फेरीने मुख्य भूमीवर प्लाया देल कार्मेनला पोचायचं, तिथून बसने अडीच तास. रांगा आणि वाट बघणं धरलं तर एका दिशेला साडेतीन तासांच्या आसपास. तेवढंच परत. पिरॅमिडपाशी उभं राहायला उरणार फार तर दीड तास, तेही भर दुपारच्या उन्हात, सगळ्या बसगाड्या एकाच वेळी आलेल्या असताना. पिरॅमिडवर चढणं तर बऱ्याच वर्षांपासून बंदच आहे. जहाजाच्या यादीत ही सहल होती आणि दरवर्षी ती करणारे शेकडो लोक असतील. पण बाबांनी तो कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला आणि म्हणाले, "ह्यात बघणं कुठाय? हा तर नुसता प्रवासच झाला." चिचेन इत्सा तिथेच बाजूला पडलं. (तुमचं जहाज युकातान द्वीपकल्पाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या प्रोग्रेसोला लागणार असेल तर गणित वेगळं. तिथून फेरी लागत नाही, चिचेन इत्सा आणि उश्माल या दोन्ही माया नगरांकडे सडकेने साधारण दोन तासांत पोचता येतं, आणि दझिबिलचाल्तुनचे अवशेष तर अर्ध्या तासावर आहेत.)

त्या कागदावरूनच पुढचं सगळं ठरलं. प्रत्येक सहलीसाठी चार गोष्टी लिहिल्या: जाण्यायेण्याचा वेळ, प्रत्यक्ष जागेवर मिळणारा वेळ, चढ किती आणि सावली किती. पाचवी गोष्ट आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, सुचवली, स्वच्छतागृह कुठे कुठे आहे. ती सर्वांत आधी लिहायला हवी होती असं माझं आता मत आहे. ही माहिती जहाजाच्या वर्णनांत नव्हती. नकाशावर अंतरं मोजून, लोकांनी काढलेले फोटो मोठे करून पायऱ्यांची उंची बघून, आणि काही ठिकाणी सहलवाल्यांना सरळ ईमेल करून ती गोळा केली.

तुलुमवर नवऱ्याचा डोळा होता. समुद्राच्या कड्यावरचं ते देऊळ सगळ्या पोस्टरांवर असतं, आणि जागा खरोखर विलक्षण आहे: तीन बाजूंना दगडी तट, चौथ्या बाजूला सुमारे बारा मीटरचा कडा आणि खाली निळाहिरवा समुद्र. 1518 मध्ये हुआन दे ग्रिहाल्वाची स्पॅनिश जहाजं या किनाऱ्याने गेली, तेव्हा तुलुम वसलेलं, नांदतं गाव होतं. पण ही माया संस्कृतीची उतरती वेळ. इमारती बुटक्या आहेत, जवळ जायला मिळत नाही, दोऱ्या बांधलेल्या वाटांनी फिरायचं असतं आणि सावली जवळपास नाहीच. शिवाय तिथेही जायचं तर कोझुमेलहून फेरी. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडून थंड वाऱ्याचे लोंढे येतात, तिकडे त्यांना 'नोर्ते' म्हणतात. त्या दिवसांत ती 45 मिनिटांची फेरी चांगलीच हेलकावते. आईंना बोट लागते. जाताना उलट्या आणि मग उघड्या उन्हात दीड तास, हे मला त्यांच्यावर लादायचं नव्हतं. नवऱ्याने ते लगेच मान्य केलं.

कोस्टा मायाचं ठरवणं सोपं गेलं. हे बंदर माहाउआल नावाच्या मच्छीमारांच्या गावाशेजारी क्रूझसाठीच उभारलेलं आहे. तिथून बसने तासाभरावर चाक्चोबेन आहे. आणखी दूर कोहुनलिच आहे. तिथले गिलाव्यातले मोठाले सूर्यमुखवटे बघायची माझी फार इच्छा होती, पण जायलाच दोन तासांहून जास्त लागणार म्हणून ते सोडलं. चाक्चोबेनच्या बाजूने बरंच काही होतं. अवशेष जंगलातच आहेत, त्यामुळे चालताना डोक्यावर सावली. वाट बरीचशी सपाट. पूर्ण सहल चार तासांत उरकते, म्हणजे दुपारी जहाजावर येऊन बाबांना पाठ टेकता येणार होती. आणि ही जागा लोकांसाठी उघडली 2002 मध्ये, त्यामुळे तिथे अजून विक्रेत्यांचा बाजार बसलेला नाही.

एक गोष्ट मात्र इथे नीट लक्षात ठेवायला हवी, ती म्हणजे वेळ. किंताना रो या मेक्सिकन राज्याने 2015 पासून स्वतःची घड्याळं कायमची एक तास पुढे नेली आहेत. हिवाळ्यात ह्यूस्टनमध्ये सकाळचे आठ वाजतात तेव्हा कोस्टा माया आणि कोझुमेलला नऊ वाजलेले असतात. बेलीझमध्ये मात्र आपलीच वेळ. जहाज त्या त्या बंदराची वेळ पाळतं की निघालेल्या बंदराची, हे जहाजानुसार बदलतं. खिशातला फोन तर किनारा दिसला की आपणहून वेळ बदलतो. आम्ही बाबांचं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावलं आणि सगळा प्रवास त्याच घड्याळावर केला. जहाज सुटायच्या अर्धा तास आधी सगळे आत लागतात. जहाजाने विकलेल्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज थांबतं, बाहेरच्या गाडीने गेलात तर थांबत नाही.

म्हणूनच कोठे जहाजाची सहल आणि कोठे बाहेरची, हेही वेगवेगळं ठरवलं. कोस्टा मायाला जहाज थेट धक्क्याला लागतं, अंतर कमी, रस्ता एकच. तिथे आम्ही स्थानिक सहलवाल्याची लहान गाडी घेतली. जहाजापेक्षा बरीच स्वस्त, आणि पन्नास माणसांच्या बसऐवजी दहा-बारा माणसं. बेलीझला परिस्थिती उलटी. तिथे समुद्र उथळ आहे, प्रवाळाच्या रांगा आहेत, त्यामुळे मोठी जहाजं किनाऱ्यापासून काही मैल लांब नांगर टाकतात आणि लहान बोटींनी माणसं नेतात. या टेंडर बोटींसाठी थांबण्यातच तास जाऊ शकतो. जहाजाच्या सहलीवाल्यांना आधी सोडतात. तिथे जास्तीचे पैसे देणं योग्यच होतं.

बेलीझसाठी खरी चर्चा झाली. तीन पर्याय होते. 'आल्तुन हा' सर्वांत जवळ, सुमारे 50 किलोमीटर. लहान, आटोपशीर जागा. 1968 मध्ये पुरातत्त्वज्ञ डेव्हिड पेंडरगास्ट यांना तिथल्या एका थडग्यात सूर्यदेव किनिच आहाऊचं हरितमण्याचं, म्हणजे जेडचं, मस्तक सापडलं, वजन 4.42 किलो. माया जगात सापडलेली ही हरितमण्याची सर्वांत मोठी कोरीव वस्तू. त्या देवळावर चढता येतं आणि माथ्यावरून सगळं गवताळ अंगण दिसतं. बेलीझमधल्या बिअरच्या बाटलीवर हेच देऊळ छापलेलं असतं. दुसरा पर्याय शुनानतुनिच, ग्वाटेमालाच्या सीमेजवळ. तिथे तेव्हा मोपान नदी हाताने चाक फिरवून चालवलेल्या तराफ्यावरून ओलांडायची होती, मग 40 मीटर उंचीचा कास्तियो नावाचा पिरॅमिड. लेकीला तो फार हवा होता, पण जायला दोन तास आणि माथ्यापर्यंत उन्हातली चढण. तिसरा पर्याय लामानाय.

माझ्या कागदाप्रमाणे 'आल्तुन हा'च जिंकत होतं. प्रवास कमी, जागेवर वेळ पुरेसा. लामानायला तासाभराची बस, मग न्यू रिव्हरवरून तासाभराची बोट, मग कुठे अवशेष, आणि तिथे हातात दीड तास. पण बाबांनी इथे माझं गणितच फिरवलं. त्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. युकातानच्या नकाशावर त्यांनी बोट फिरवून दाखवलं: उत्तरेचा अख्खा भाग चुनखडीचा, पाऊस पडतो तो सरळ जमिनीत मुरतो, वर एकही वाहती नदी नाही. तिथले लोक जगले ते जमीन खचून उघड्या पडलेल्या पाण्यावर, म्हणजे सेनोट्यांवर, आणि कोरून गिलावा केलेल्या टाक्यांवर. बेलीझमध्ये मात्र नद्या आहेत, आणि माया लोकांचा व्यापार होड्यांनी चालायचा. "लामानायला ते लोक ह्याच नदीने येत होते. मग बोटीतला तास प्रवासात का धरतेस? तो बघण्यातच धर." त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटलं. बस आणि फेरी ही निव्वळ वाहतूक होती, ही नदी त्या नगरीचाच भाग होती. लामानाय ठरलं. बोट लागण्याबद्दल आईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "नदीला कुठं लाटा असतात? चल."

कोझुमेलच्या दिवशी आईंनी विश्रांती घ्यायची आणि आम्ही तिघांनी कुठेतरी पोहायला जायचं, असा बेत होता. बेटावरच सान हेरवासिओ नावाचे अवशेष आहेत, टॅक्सीने वीस मिनिटांवर. पण सगळीकडे त्यांच्याबद्दल एकच वाचायला मिळायचं: लहान आहेत, भव्य काही नाही, वेळ असेल तर जा. मी ते जवळजवळ खोडलंच होतं. त्याआधी सहज मोठ्याने वाचून दाखवलं की हे इश्चेल देवीचं क्षेत्र. चंद्राची, विणकामाची, औषधांची आणि बाळंतपणाची देवी. मुख्य भूमीवरच्या बायका आयुष्यात एकदा तरी होडीने समुद्र ओलांडून इथे येत, मूल व्हावं म्हणून, बाळंतपण सुखरूप पार पडावं म्हणून. आई जिल्हा परिषदेच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका होत्या. जावळी खोऱ्यातल्या वाड्यांवर कंदिलाच्या उजेडात त्यांनी किती बाळंतपणं केली, त्याचा हिशेब त्यांनी कधी ठेवला नाही. त्या वाचत असलेलं मासिक बाजूला ठेवून म्हणाल्या, "अगं, म्हणजे ही यांची सटवाईच की. मला तिथं जायचंय." कागदाचा, उंचीचा, प्रसिद्धीचा तिथे काही संबंध उरला नाही.

पासपोर्टाबद्दल दोन वाक्यं, कारण भारतातून आलेल्या आईवडिलांना नेणाऱ्यांना हा प्रश्न पडतोच. अमेरिकेचा चालू व्हिसा असलेल्या भारतीयांना मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, आणि अनेकवार प्रवेशाचा अमेरिकी व्हिसा असेल तर बेलीझचाही नाही. तरी नियम बदलू शकतात. बुकिंग करण्याआधी क्रूझ कंपनीकडून लेखी खात्री करून घ्या, आम्ही घेतली होती.

चाक्चोबेनची आमची गाडी सकाळीच निघाली. वाटाड्या स्वतः माया होता, घरी युकातेक माया बोलणारा. माया लोक नाहीसे झाले, असं आपण सहज म्हणून जातो. प्रत्यक्षात युकातानमध्ये ही भाषा बोलणारे लाखो लोक आहेत, आणि त्यांच्यातलाच एक आम्हाला त्याच्या पूर्वजांचं गाव दाखवणार होता. गाडीत त्याने माया अंक शिकवले. ठिपका म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच, शिंपला म्हणजे शून्य, आणि मोजणी विसाच्या पटीत, खालून वर. लेकीने तिच्या वहीत स्वतःचं जन्मवर्ष, 2012, लिहून बघितलं. वर एक रेघ, म्हणजे पाच वेळा चारशे. मधे शिंपला. खाली दोन रेघा आणि दोन ठिपके, म्हणजे बारा. शिंपला वापरायला मिळाला म्हणून ती एवढी खूश झाली की उतरेपर्यंत घरातल्या सगळ्यांची वर्षं मांडून झाली.

गाडीतून उतरल्यावर जंगल सुरू होतं. कोहुने ताडाची प्रचंड पानं, फांद्यांवर बसलेली ब्रोमेलिया, दगडांना विळखा घातलेली मुळं. झाडी अचानक मोकळी होते आणि चोवीस क्रमांकाचं देऊळ समोर उभं राहतं, गोल केलेल्या कोपऱ्यांचा, टप्प्याटप्प्याने चढत गेलेला पिरॅमिड. 1942 पासून सेर्विलिआनो कोउओ नावाचा एक माया शेतकरी या अवशेषांपाशी घर करून राहत होता, आणि पीटर हॅरिसन या पुरातत्त्वज्ञाने 1972 मध्ये त्यांची अधिकृत नोंद केली, हे आमच्या वाटाड्याने फार अभिमानाने सांगितलं. मला ते क्रमाने सांगितलेलं आवडलं, आधी शेतकरी, मग शास्त्रज्ञ.

बाबा एका भिंतीपाशी थांबले ते पुढे येईनातच. तिथे वर छोटं छप्पर घालून गिलाव्याचा एक तुकडा जपलेला आहे आणि त्यावर लाल रंग अजून दिसतो. आज हे सगळे पिरॅमिड करडे, शेवाळलेले दिसतात, पण त्या काळी ते गिलावा केलेले आणि लालभडक रंगवलेले होते. बाबांनी गिलाव्याची जाडी न्याहाळली, वाटाड्याला विचारलं की चुना भाजायचे कसे. लाकडाच्या मोठ्या रचलेल्या ढिगात चुनखडी भाजायची, मग ती विरवायची, त्यात इथलीच भुसभुशीत पांढरी माती मिसळायची. बाबांनी नोकरीच्या सुरुवातीला चुन्यातली जुनी बांधकामं दुरुस्त केलेली. मधे मी भाषांतर करत होते, पण पाच मिनिटांनंतर माझी फारशी गरज उरली नाही. हाताने दाखवून दोघं एकमेकांना समजावत होते. गट पुढे गेला तरी त्या वाटाड्याने घाई केली नाही. पन्नास माणसांच्या बसमध्ये हे झालं नसतं, असं मला ठाम वाटतं.

बेलीझच्या दिवशी हवा ढगाळ होती. टेंडरमध्ये आईंनी डोळे मिटून घेतले, पण नदीवर पोचल्यावर त्या सर्वांत पुढे बसल्या. न्यू रिव्हर संथ, चहाच्या रंगाची, दोन्ही काठांना खारफुटीसारखी पाण्यात उतरलेली झाडं. कमळाच्या पानांवरून पळणारे जकाना पक्षी, एका ओंडक्यावर मगर, एका झाडाच्या खोडावर ओळीने चिकटलेली वटवाघळं. वाटेत शिपयार्ड ही मेनोनाइट या साधेपणाने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची वस्ती लागते. त्या काठावर लांब बाह्यांचे फ्रॉक घातलेल्या मुली आणि घोडागाडी दिसली. मग नदीचं सरोवर होतं, आणि त्या सरोवराच्या काठी लामानाय.

लामानायमध्ये माणसं जवळजवळ तीन हजार वर्षं सलग राहिली. बाकीची मोठी माया नगरं ओस पडली त्या नवव्या-दहाव्या शतकातही हे चालू राहिलं. स्पॅनिशांनी सोळाव्या शतकात इथे चर्च बांधलं, तेव्हाही इथे गाव होतं. त्याचं कारण हे पाणीच असावं, असं बाबांचं मत, आणि तिथे उभं राहिल्यावर दुसरं कारण सुचतही नाही. मुखवट्यांच्या देवळावर चार मीटर उंचीचा चेहरा आहे, जाड ओठ, रुंद नाक, डोक्यावर मगरीचा मुकुट. दिसते ती मूळ शिल्पावर संरक्षणासाठी बसवलेली प्रतिकृती आहे, तरी समोर उभं राहिल्यावर त्या चेहऱ्याचं वजन जाणवतंच. लेक आणि नवरा 33 मीटरच्या उंच देवळावर चढले. मी आई-बाबांबरोबर खाली थांबले. झाडांत कुठेतरी हाउलर माकडं ओरडत होती. तो आवाज एवढ्याशा प्राण्याचा आहे, हे आईंना शेवटपर्यंत खरं वाटलं नाही. लेक वरून ओरडून सांगत होती की सगळं जंगल आणि सरोवर दिसतंय. तिला चढायला मिळालं हे महत्त्वाचं होतं. मेक्सिकोत आता बहुतेक ठिकाणी चढण्यावर बंदी आहे, चुनखडीच्या पायऱ्या झिजतात आणि अपघातही होतात. मुलांना चढायचंच असेल तर बेलीझचा थांबा त्यासाठी राखून ठेवावा. दीड तास कमी पडला, हे खरं आहे. जग्वार मंदिराकडे आम्हाला धावतपळत जावं लागलं.

कोझुमेलला टॅक्सीवाल्याशी जाण्यायेण्याचे आणि तिथे थांबण्याचे पैसे आधीच ठरवले. सान हेरवासिओ खरंच लहान आहे. विखुरलेली बुटकी देवळं, मधून जाणाऱ्या पांढऱ्या दगडी वाटा आणि जिकडेतिकडे उन्हाला बसलेले इग्वाना, म्हणजे मोठाले सरडे. एका लहानशा घराला 'मानितास' म्हणतात, तिथल्या भिंतीवर लाल हातांचे ठसे सापडले म्हणून. आता ते फार पुसट झालेत. आईंनी चष्मा पुसून बराच वेळ शोधले. एका वाटेवर दगडी कमान आहे, खरी कमान नव्हे, दोन्ही बाजूंचे थर थोडेथोडे पुढे सरकवत वर मिटवलेली. बाहेरून येणाऱ्या बायका अशाच वाटांनी क्षेत्रात येत असत.

इथे देवीची मातीची पोकळ मूर्ती होती, पुजारी तिच्या मागे लपून प्रश्नांची उत्तरं द्यायचा, असं स्पॅनिशांनी लिहून ठेवलंय. 1519 मध्ये स्पॅनिश सरदार एर्नान कोर्तेस या बेटावर उतरला, त्याने इथल्या मूर्ती फोडल्या आणि मेरीची प्रतिमा बसवली. मी हे सांगितल्यावर आई एका पायरीवर बसल्या. त्यांना मूर्ती फुटल्याचं वाईट वाटलंच, पण त्या बोलल्या ते वेगळंच. "पोटुशी बाई एवढा समुद्र होडीतनं ओलांडायची, म्हणजे घरी किती भीती असेल बघ." पुढे त्यांनी लेकीला त्या पायरीवर बसूनच सांगितलं की एका पावसाळ्यात ओढा भरून आला असताना त्या पलीकडच्या वाडीवर कशा पोचल्या आणि ती बाई कशी वाचली. लेकीने हे आधी कधी ऐकलं नव्हतं. मीही नव्हतं. टॅक्सीवाला दारात उभा राहून घड्याळ दाखवेपर्यंत आम्ही तिथेच बसून होतो. तिथे त्या दिवशी फार तर दहा-पंधरा माणसं होती. तुलुमला त्याच वेळी काय गर्दी असेल याची कल्पना आहे, आणि तिथे आई अशा बसल्या नसत्या.

बरोबर काय न्यावं, याबद्दल थोडं. डासांचं मलम आणि टोपी हवीच. तळाला पकड असणारे बूट हवेत, कारण चुनखडी ओली झाली की साबणासारखी निसरडी होते. मेक्सिकोतल्या अवशेषांची व्यवस्था 'इनाह' ही सरकारी संस्था पाहते. रविवारी स्थानिकांना प्रवेश मोफत असतो, म्हणून गर्दी वाढते. आमचा कोस्टा मायाचा थांबा रविवारी नव्हता, तुमचा असेल तर लवकर निघा. सुटे पेसो किंवा लहान डॉलरच्या नोटा ठेवा. आणि वाटाड्याला वेगळे पैसे नक्की द्या, तो बोलतो म्हणून तर त्या दगडांतलं काही कळतं.

चिचेन इत्सा राहिलं ते राहिलंच, आणि बाबांनी ते सोडलेलं नाही. पुढच्या वेळी ते आले की विमानाने युकातानमधल्या मेरिदाला जायचं असा विचार आहे. दोन दिवस उश्माल आणि काबाहसाठी, कारण तिथल्या भिंतींवर पर्जन्यदेव चाकचे शेकडो मुखवटे आहेत आणि पावसाचं पाणी साठवायच्या टाक्या बाबांना बघायच्या आहेत. मग वय्यादोलिद गावात मुक्काम. तिथून चिचेन इत्सा 45 किलोमीटरवर आहे आणि सकाळी आठला दार उघडतं. क्रूझच्या आणि कान्कूनच्या बसगाड्या यायच्या आत दोन-अडीच तास मिळतात. आईंची अट एकच आहे, प्लायाहून कोझुमेलची फेरी घ्यायची नाही.